राउटरांची बैठक कां मोडते?

एखाद्या बँकेची मुख्य कचेरी शहरांत आणि एक शाखा दूरच्या तालुक्याच्या गांवीं आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. सकाळीं साडेदहाच्या सुमारास शाखेंतील कारकून तक्रार करतो कीं, संगणकावर कोणाचेंही खातें उघडत नाहीं. तीन-चार मिनिटांनीं तोच कळवितो कीं, आतां उघडलें. आणि त्याचें बोलणें पुरें होतें न होतें तोंच पुनः सारें थंड पडतें. पेन्शन घ्यावयास आलेले वृद्ध गृहस्थ तिसऱ्यांदा आपलें पासबुक खिडकींतून आंत सरकवितात. दूरसंचार कंपनीस विचारावें, तर तेथील अभियंता पडद्यावर पाहून अगदीं प्रामाणिकपणें सांगतो कीं, तार शाबूत आहे, दोन्ही टोकांचीं यंत्रें चालू आहेत आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकास हांक मारली असतां उत्तर बिनचूक येत आहे. कारकून खोटें बोलत नाहीं आणि अभियंताही खोटें बोलत नाहीं. दोन खऱ्या विधानांतून उत्पन्न झालेल्या या विसंगतीचें मूळ पुष्कळदां राउटर नांवाच्या यंत्रांच्या आपसांतील एका बैठकींत सांपडतें. ती बैठक कशी जमते व कां मोडते, हें कळल्यावांचून तिची दुरुस्ती म्हणजे अंधारांत चाचपडणें होय.

संगणकांच्या जाळ्यांतून जाणारा सर्व मजकूर लहान लहान पाकिटांत वांटला जातो, व प्रत्येक पाकिटावर तें ज्या संगणकाकडे जावयाचें त्याचा पत्ता अंकांत लिहिलेला असतो. राउटर म्हणजे वाटेवरचें टपाल निवडणारें यंत्र. जुन्या रीतींत प्रत्येक राउटर पाकिटावरील सबंध पत्ता वाचतो, आपल्याजवळील मार्गांच्या यादींत त्याच्याशीं अधिकांत अधिक जुळणारी नोंद शोधतो आणि मग पाकीट पुढें धाडतो. पुढचा राउटर हाच खटाटोप पहिल्यापासून करतो. १९९६ च्या सुमारास सिस्को, इप्सिलॉन, आय. बी. एम्. इत्यादि कंपन्यांनीं ही पुनरुक्ति टाळण्याच्या निरनिराळ्या युक्त्या पुढें मांडल्या. त्यांतून एक सर्वमान्य पद्धति घडविण्यासाठीं, इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या आय. ई. टी. एफ्. या संस्थेंत १९९७ सालीं एक स्वतंत्र मंडळ स्थापन झालें, आणि जानेवारी २००१ मध्यें त्या पद्धतीची मूळ रचना प्रसिद्ध झाली. तिचें नांव एम्. पी. एल्. एस्.

मुंबईच्या डबेवाल्यांचें काम ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस तिच्यांतील मुख्य कल्पना नवी वाटणार नाहीं. स्टेशनावर डबे निवडणारा मनुष्य मालकाचें नांव व बिऱ्हाडाचा पत्ता शोधीत बसत नाहीं. झांकणावर रंगविलेली खूण पाहून डबा कोणत्या फळीवर चढवावयाचा तें क्षणांत ठरवितो. एम्. पी. एल्. एस्. मध्यें पाकिटाच्या कपाळीं अशीच एक खूण, म्हणजे लेबल, लाविलें जातें. फरक आहे तो असा कीं, डब्यावरची खूण घरापासून कचेरीपर्यंत एकच राहते. लेबल मात्र सामान्यतः प्रत्येक मुक्कामावर बदलतें. लेबल म्हणजे २० बिटांत मावणारी एक संख्या. ० ते १५ हे आंकडे राखीव असल्यामुळें प्रत्यक्ष वांटप १६ पासून पुढें होतें. एखाद्या राउटरापाशीं २४ या लेबलाचें पाकीट आलें, तर तो आपली वही पाहतो. तींत लिहिलेलें असतें कीं, २४ पुसून ३१ लिहावें व पाकीट तिसऱ्या दारानें बाहेर काढावें. पत्ता उघडून पाहण्याचें कारणच पडत नाहीं.

परंतु २४ या आंकड्यास अर्थ असतो तो ज्या राउटरानें तो नेमला त्याच्या घरापुरताच. शेजारच्या राउटराजवळ २४ म्हणजे भलतेंच कांहीं असूं शकेल. म्हणून अमुक ठिकाणीं जावयाचीं पाकिटें माझ्याकडे पाठवावयाचीं असल्यास त्यांवर २४ घालावे, असें प्रत्येक राउटरानें आपल्या शेजाऱ्यास आगाऊ सांगून ठेवावें लागतें. सांगण्याच्या या रीतीस एल्. डी. पी. म्हणतात. तिचे नियम प्रथम जानेवारी २००१ मध्यें व सुधारून ऑक्टोबर २००७ मध्यें प्रसिद्ध झाले. ज्या जोडणीवर हें सांगणें-ऐकणें चालतें तिला इंग्रजींत सेशन हा शब्द आहे. मराठींत तिला बैठक म्हणण्यास हरकत नसावी.

बैठक मोडल्यानें बँकेचें काम बंद पडतें, पण अभियंत्याच्या हांकेस उत्तर मिळतें, हें कसें? बँकेसारख्या गिऱ्हाइकाचें खासगी जाळें जेव्हां कंपनीच्या सामाईक जाळ्यावरून नेलें जातें तेव्हां पाकिटावर एकावर एक अशीं दोन लेबलें असतात. आंतलें लेबल पाकीट कोणत्या गिऱ्हाइकाचें हें सांगतें, व त्याचा अर्थ पलीकडच्या कडेवरील राउटरासच ठाऊक असतो. बाहेरचें लेबल पाकीट त्या कडेपर्यंत नेण्यापुरतें असतें, आणि तें एल्. डी. पी. नें वांटलेलें असतें. बैठक मोडली कीं शेजाऱ्यानें सांगितलेलीं बाहेरचीं लेबलें रद्द होतात. साधें पाकीट तरीही जुन्या रीतीनें पत्ता दाखवीत पार होतें. कारण कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांचे पत्ते वाटेवरील प्रत्येक राउटरास माहीत असतात, आणि अभियंत्याची हांक असल्याच साध्या पाकिटांतून जाते. बँकेचें पाकीट मात्र बाहेरचें लेबल गमावून मधल्याच एखाद्या राउटरापाशीं पोंचतें. तेथें त्याच्या आंतल्या लेबलास कोणी ओळखीत नाहीं, आणि अनोळखी लेबलाचें पाकीट टाकून द्यावें असा नियमच आहे. साध्या हांकेवर समाधान मानणें येथें फसवें ठरतें तें यामुळें. लेबलांच्याच वाटेनें जाणारी निराळी चांचणी २००६ सालापासून नियमबद्ध झालेली आहे. तक्रार बँकेची असेल तर तीच करून पाहावयास हवी.

आतां बैठकीकडे वळावयाचें. ती दोन पायऱ्यांनीं जमते, आणि पुढचा सारा शोध या दोन पायऱ्या निराळ्या ओळखण्यावर अवलंबून आहे.

पहिली पायरी नमस्काराची. प्रत्येक राउटर आपल्या दारांतून ठराविक अंतरानें, बहुधा दर ५ सेकंदांनीं, ‘हॅलो’ नांवाचें एक लहान पाकीट बाहेर टाकतो. तें कोणा एकाच्या नांवें नसतें. त्या तारेवर जे जे राउटर असतील त्या सर्वांसाठीं २२४.०.०.२ या सामाईक पत्त्यावर, ६४६ क्रमांकाच्या पोर्टवर तें पाठविलेलें असतें. पाठविण्याची पद्धति यू. डी. पी., म्हणजे साध्या कार्डासारखी. पोंचलें तर पोंचलें, पावती मिळत नाहीं. नेहमीच्या मांडणींत १५ सेकंदांत शेजाऱ्याचा एकही हॅलो आला नाहीं, तर शेजारी नाहींसा झाला असें समजावयाचें. संभाषण करावयाचें झाल्यास तें कोणत्या पत्त्यावर करावें, हेंही राउटर हॅलोमधूनच कळवितो.

दुसरी पायरी त्या संभाषणाची. दोहोंपैकीं ज्याचा पत्ता संख्येनें मोठा तो राउटर दुसऱ्याशीं टी. सी. पी. पद्धतीनें जोडणी करतो. पोर्ट तोच, ६४६. टी. सी. पी. म्हणजे पोंचपावतीचें टपाल. प्रत्येक बाइटास क्रमांक, मिळालेल्याची पोंच, आणि पोंच न आल्यास तेंच पुनः. या जोडणीवर दोघे प्रथम अटी ठरवितात, मग एकमेकांस लेबलांची सबंध यादी देतात, आणि देण्यासारखें कांहीं उरलें नाहीं तरी मधून मधून ‘कीप-अलाइव्ह’ नांवाचा निरोप धाडून आपण जागे आहोंत एवढें कळवीत राहतात. येथें दुसरें घड्याळ चालतें. सिस्कोच्या राउटरांत त्याची नेहमीची मुदत १८० सेकंद, ज्यूनिपरच्या राउटरांत ३० सेकंद. दोन शेजाऱ्यांच्या मुदती निराळ्या असल्यास त्यांतली लहान लागू होते. त्या मुदतींत शेजाऱ्याकडून या जोडणीवर कांहींच आलें नाहीं, तर बैठक संपली.

दोन घड्याळांपैकीं कोणतेंही संपलें तरी बैठक मोडते, आणि दुरून पाहणारास दोन्ही मोडणीं सारखींच दिसतात. पण त्यांचीं कारणें फार निराळीं आहेत. गांवच्या पारावर दोन भावांचा रोज रामराम होतो, एवढ्यावरून त्यांच्यांत वांटणीचें बोलणें सुरळीत चाललें आहे असें कोणी म्हणत नाहीं! राउटरांच्या बाबतींत मात्र हीच चूक वारंवार होते. हॅलो येत आहेत असें पाहिलें कीं, शेजारी बरा आहे, असा निर्वाळा दिला जातो.

घाईचा हात प्रथम राउटर बंद करून पुनः चालू करण्याकडे जातो. त्यानें बैठक घटकाभर जमतेही. परंतु कारण समजून घेण्याचें साधनच हातचें जातें. कारण, बैठक कां मोडली हें मोडणारा राउटर आपल्या रोजनिशींत लिहून ठेवतो. हॅलोची मुदत संपली, कीप-अलाइव्हची मुदत संपली, कीं दुसऱ्यानेंच बैठक बंद केली, हें त्या एका ओळींत असतें. ती ओळ दोन्ही टोकांस वाचावी. दोन्ही राउटरांचीं घड्याळें एकमेकांशीं जुळलेलीं नसतील, तर या वाचनास अर्थ उरत नाहीं. तीं आधींपासून जुळवून ठेवणें ही कंटाळवाणी पण अमोल तयारी होय. आणखी एक गोष्ट ध्यानीं ठेवण्याजोगी आहे. मुदत संपल्याची नोंद ज्यानें केली तो ऐकणारा आहे. त्याला ऐकूं आलें नाहीं, एवढेंच त्यानें लिहिलें. दोष बोलणाराकडून त्याच्याकडे येणाऱ्या वाटेवर शोधावा लागतो.

नोंद हॅलोची असेल तर शोध फार लांबत नाहीं. तारेवर चुका होत आहेत काय, हें दारावरील चुकांच्या मोजणीवरून कळतें. तार तुडुंब भरली असेल तर यू. डी. पी. चें बिनपावतीचें कार्ड गर्दींत चेंगरलें जातें. नियंत्रणाच्या पाकिटांस गिऱ्हाइकांच्या पाकिटांहून निराळी व अग्रक्रमाची रांग दिलेली असणें जरूर असतें. पुष्कळ राउटरांत यंत्राच्या मेंदूवर भार पडूं नये म्हणून त्याच्याकडे येणाऱ्या पाकिटांवर पहारा बसविलेला असतो. हा पहारा हल्लेखोरांसाठीं असला, तरी मर्यादा फार कडक बसविल्यास शेजाऱ्याचा नमस्कारही तो दाराबाहेरच ठेवतो. कधीं मधल्या एखाद्या स्विचनें सामाईक पत्त्यावरील पाकिटांवर मर्यादा घातलेली असते. आणखी एक विचित्र प्रकार संभवतो. हॅलो एकाच दिशेनें पोंचतात. हॅलोमध्यें ‘तुझा मला ऐकूं आला’ असें परत सांगण्याची सोय नाहीं. त्यामुळें एकाला वाटतें शेजारी आहे, दुसऱ्यास वाटतें कोणीच नाहीं, आणि पहिला बोलावयास गेला कीं, हॅलोवांचून आलास, म्हणून दुसरा त्यास परत पाठवितो.

अशा वेळीं उपयोगी पडणाऱ्या कांहीं तजविजी आहेत. तारेवरील हॅलो थांबले तरी दुसऱ्या वाटेनें नेमक्या त्याच शेजाऱ्याच्या नांवें हॅलो पाठवीत राहून बैठक जगविणें ही एक. बैठक मोडली तरी जुन्या लेबलांवर कांहीं काळ वाहतूक चालूं देणें ही दुसरी. तिचे नियम २००३ सालीं आले. तिसरी २००९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत बैठक जमेपर्यंत त्या तारेचा खर्च मुद्दाम जास्तींत जास्त दाखवितात, म्हणजे दुसरी वाट असल्यास वाहतूक तिकडून जाते व बँकेचीं पाकिटें खड्ड्यांत पडत नाहींत. तिन्ही तजविजी चांगल्या. पण त्या मलमपट्ट्या आहेत. दर तीन मिनिटांनीं मोडणाऱ्या बैठकीवर तिसरी लाविली, तर आतां मार्गही दर तीन मिनिटांनीं बदलूं लागतात, आणि एका तारेचें दुखणें सबंध जाळ्यास जाणवूं लागतें. ज्या नव्या जाळ्यांत २०१८ सालीं नियमबद्ध झालेली सेगमेंट राउटिंगची पद्धति घेतली आहे, तेथें लेबलें मार्गांच्या माहितीबरोबरच वांटलीं जात असल्यानें ही बैठकच लागत नाहीं; परंतु एल्. डी. पी. वर चालणारीं जाळीं आजही पुष्कळ आहेत.

नोंद कीप-अलाइव्हची असेल, तर प्रश्न अधिक गहन होतो. हॅलो तारेवरून सरळ येतात. संभाषण मात्र हॅलोमधून कळविलेल्या कायमच्या पत्त्याशीं होतें, आणि तो पत्ता राउटरास आपल्या मार्गांच्या यादींतून शोधावा लागतो. ती नोंदच डळमळत असेल, तर नमस्कार नीट चालूनही संभाषण तुटतें. दोन राउटरांस चुकून एकच पत्ता दिला गेला असेल, तर कोण कोणाशीं बोलतो याचा घोळ होतो. राउटराचा मेंदू दुसऱ्याच कामांत गढला असेल, तर निरोप वेळेवर निघत नाहींत. दोघांच्या गुप्त शब्दांत तफावत असेल, तर बैठक मोडण्याचा प्रश्नच येत नाहीं. ती जमतच नाहीं. अटीच न जुळल्यामुळें नकार मिळाला असेल, तर पुढचा प्रयत्न निदान १५ सेकंदांनीं व्हावा आणि हें अंतर वाढत वाढत २ मिनिटांपर्यंत तरी जावें, असा नियम आहे. तेव्हां चूक सुधारल्यावर लगेच बैठक जमली नाहीं म्हणून केलेली सुधारणा उलटवूं नये.

उरतें तें सर्वांत फसवें कारण. त्याची ओळख अशी: हॅलो एकही चुकत नाहीं. हांकेस उत्तर येतें. बैठक जमते, तीन मिनिटें टिकते व मोडते. पुनः जमते, पुनः तीन मिनिटें. इतका नियमित आजार तारेच्या बिघाडाचा नसतो. उंदीर तार कुरतडतो तो घड्याळ पाहून कुरतडीत नाहीं. तीन मिनिटें म्हणजे १८० सेकंद, अर्थात् कीप-अलाइव्हची पुरी मुदत. जोडणी झाली, अटी ठरल्या, आणि त्यानंतर एका बाजूस दुसरीकडून अक्षरही ऐकूं आलें नाहीं, असा याचा अर्थ. मग अटींच्या पाठोपाठ गेलें काय? लेबलांची यादी.

दोन राउटरांमधली तार पुष्कळदां त्या कंपनीची स्वतःची नसते. ती दुसऱ्या कंपनीकडून भाड्यानें घेतलेली असते. राउटर समजतात कीं, या तारेवरून १५०० बाइटांचें पाकीट जाईल. इथरनेटची नेहमीची मर्यादा तीच. भाड्यानें देणारी कंपनी मात्र आपल्या सोयीसाठीं प्रत्येक पाकिटास वाटेंत ४ बाइटांची आणखी एक पट्टी बांधते. तिच्या मधल्या एखाद्या जुन्या स्विचाची मर्यादा या पट्टीसह १५०० असली, तर गिऱ्हाइकासाठीं उरले १४९६. हॅलो लहान, कीप-अलाइव्ह लहान, अभियंत्याची हांक लहान. त्यांस ही चौकट लागत नाहीं. लेबलांची यादी तशी नसते. एका मार्गाची व त्याच्या लेबलाची जोडी लिहावयास बहुधा २८ बाइटांपर्यंत लागतात, आणि १५०० च्या पाकिटांत मजकुरासाठीं १४६० बाइट असतात. म्हणजे पन्नासएक जोड्या झाल्या कीं पाकीट कांठोकांठ भरलें. तें १५०० बाइटांचें पाकीट मधल्या स्विचापाशीं नाहींसें होतें. तो राउटर नसल्यामुळें ‘पाकीट मोठें झालें’ असें उलट कळविण्याची विद्याही त्याच्यापाशीं नाहीं.

पोंच आली नाहीं म्हणून टी. सी. पी. तेंच पाकीट पुनः पाठवितो, तेंही जातें. प्रत्येक वेळीं थोडा अधिक थांबून तो पुनः पुनः प्रयत्न करतो. यादीच्या मागून निघालेले कीप-अलाइव्ह निरोप आकारानें चिमुकले असले तरी टी. सी. पी. क्रम मोडीत नाहीं. ते पलीकडे पोंचले तरी, आधींचा मजकूर आल्यावांचून ते हातावर ठेवावयाचे नाहींत, असा त्याचा बाणा. अरुंद बोळांत लग्नाच्या मांडवाचें सामान घेऊन बैलगाडी अडकली, म्हणजे मागून सायकलवर येणारा तारवाला शिपाईही अडतो, तसाच हा प्रकार. पलीकडचा राउटर १८० सेकंद वाट पाहतो, आणि शेजारी मेला असें लिहून बैठक मोडतो. इकडे हॅलो येतच असतात. म्हणून लागलीच नवी बैठक, नवी यादी, तेंच मोठें पाकीट.

यांतील खरी मेख पुढेंच आहे. ही तार घेतली त्या दिवशीं जाळ्यांत चाळीस मार्ग होते असें समजावें. यादी एका अपुऱ्या पाकिटांत मावली व बैठक महिनोन् महिने टिकली. पुढें नवे राउटर आले, मार्ग वाढून दोनशें झाले. पण ते एकेक येत गेल्यामुळें त्यांच्या नोंदीही एकेक, लहान पाकिटांतून गेल्या. बैठकीस धक्का लागला नाहीं. मग एके रात्रीं वीज गेल्यामुळें म्हणा, किंवा ठरवून केलेल्या दुरुस्तीमुळें म्हणा, ती एकदां मोडते, आणि दोनशें जोड्यांची सबंध यादी प्रथमच एकदम द्यावयाची वेळ येते. दुसऱ्या दिवशीं सर्वांची दृष्टि आदल्या रात्रींच्या दुरुस्तीवर खिळते. त्या रात्रीं काम करणाऱ्या माणसास जाब विचारला जातो, केलेली दुरुस्ती उलट फिरविली जाते, दुखणें कायमच राहतें. दोष तार घेतली त्याच दिवशीं जन्मलेला होता.

तो पकडण्याची रीत साधी आहे. हांक मारावयाचीच, पण मोठ्या पाकिटानें. आणि वाटेंत पाकिटाचे तुकडे करूं नयेत अशी ताकीद त्यावर लिहून. १४७२ बाइटांचा मजकूर, ८ बाइटांचें हांकेचें शीर्षक व २० बाइटांचें पत्त्याचें शीर्षक मिळून बरोबर १५०० होतात. कांहीं राउटर आंकडा मजकुराचा मागतात, कांहीं सबंध पाकिटाचा. तें आधीं पाहून घ्यावें, नाहींतर २८ बाइटांच्या घोटाळ्यांत निदान चुकतें. १४७२ चें पाकीट परत येत नाहीं. १४०० चें येतें. मग मधल्या आंकड्यांनीं कक्षा आवळीत गेलें कीं, १४६८ येतें व १४६९ येत नाहीं, असा टोकाचा आंकडा हातीं लागतो. चार बाइट! तेवढ्यापायीं पासबुक तीनदां खिडकींतून आंत-बाहेर झालेलें असतें.

उपाय दोन दिसतात, आणि त्यांतला सोपा तो अपुरा. दोन्ही राउटरांस या तारेची मर्यादा १४९६ आहे असें सांगितलें कीं, टी. सी. पी. यादीचीं पाकिटें तेवढ्यांत बेतूं लागतो आणि बैठक टिकते. अभियंत्याच्या पडद्यावरचा लाल रंग जातो. पण बँकेचें पाकीट स्वतः १५०० बाइटांचें असूं शकतें, व त्यावर दोन लेबलांचे आणखी ८ चढतात; १५०८ बाइटांचें हें ओझें १४९६ च्या वाटेनें कसें जावें? शाखेंत खातें उघडतें, शिल्लक दिसते, कारकून संतुष्ट होतो. सायंकाळीं दिवसाचा सबंध जमाखर्च मुख्य कचेरीस पाठवावयास घेतला, म्हणजे तो अर्ध्यांत थिजतो, आणि ही तक्रार लेबलांशीं जोडावी असें कोणास सुचत नाहीं. कारण बैठक तर शाबूत असते. म्हणून भाड्यानें तार देणाऱ्या कंपनीकडून तिच्या स्विचांची मर्यादा निदान १५१२ पर्यंत, म्हणजे दोन लेबलें व तिची स्वतःची पट्टी धरून, वाढवून घेणें हेंच खरें काम. त्यासाठीं पत्रव्यवहार करावा लागतो, दोनदां नकारही ऐकावा लागतो. परंतु त्याला पर्याय नाहीं. मग दोन्ही राउटरांस लेबलांसह १५०८ ची मुभा द्यावी.

राउटराच्या पडद्यावर बैठकीचें वय दिसतें. तें १८० सेकंदांपुढें सरकलेलें पाहिल्यावर, आणि पुढें एकदां बैठक मुद्दाम मोडून सबंध यादी नव्यानें पार होते हेंही रात्रींच्या निवांत वेळीं तपासून घेतल्यावर, शाखेंतल्या संगणकावरून मुख्य कचेरीस १४७२ बाइटांची, तुकडे न करण्याच्या ताकिदीची हांक मारावी. ती उत्तर घेऊन परत आली, तरच कारकुनास कळवावें.